सुतळी नसलेला व्हॉल्व्ह

नांदगाव खंडेश्वर,
८ नोव्हेंबर १९६४

दोस्त देवमन,

शेषरावचा जयभीम. पत्र पाहून दचकू नकोस. आठ वर्षांत मी तुला दोन कार्डं टाकली आणि दोन्हींना तू अशी उत्तरं दिलीस की पोस्टमननं वाचली असती तरी त्याला काही कळलं नसतं. हे मात्र कामाचं पत्र आहे, तेव्हा लांबण लागेल.

मी इथं वामनरावांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे हे तुला माहीत आहेच. यंदा सडक रुंद करायला दोन्ही बाजूंची जुनी चिंचेची झाडं तोडली आणि सगळं लाकूड वामनरावांनी लिलावात घेतलं. वखारीत एकेक ओंडका म्हशीएवढा पडला आहे. चिंचेच्या गाठीवर कुऱ्हाड मारली की कुऱ्हाडच उलटी येते. घणानं पाचर ठोकून ठोकून तीन मजूर पळाले आणि चौथ्याच्या डोळ्यात पाचरीची कपची गेली. तो अमरावतीला इस्पितळात आहे, डोळा राहतो की जातो कोण जाणे.

तेव्हापासून डोक्यात एक खूळ शिरलं आहे. अकोल्याला आपल्या कापसाच्या प्रेसमध्ये पाण्याच्या दाबानं दट्ट्या वर जायचा आणि खोलीभर रुईची गाठ व्हायची. ट्रॅक्टरला मागं नांगर उचलायला तेलाचा दाब असतोच. तो दाब एखाद्या दट्ट्याला दिला, दट्ट्याच्या तोंडाशी पोलादी पाचर बसवली आणि समोर ओंडका आडवा ठेवला तर? घण नको, कपची नको. रुळाचे दोन तुकडे मी मिळवून ठेवले आहेत. पाचर रामराव लोहार घडवतो म्हणाला. "शेषराव, तुह्या डोक्यात भुंगा शिरला, पन भुंगा कामाचा हाय," असं त्याचं सर्टिफिकेट आहे. मला हवा एक लहान दट्ट्या, नळकांड्यासकट, आणि तेल सोडायचा-अडवायचा एक हातव्हॉल्व्ह. तुमच्या भंगारात असं काही पडलं असेल. तू जुना फिटर, तुला कोण अडवतो?

आता एक गोष्ट लिहायची नव्हती ती लिहितो. 'व्हॉल्व्ह' हा शब्द लिहिताना माझा हात थांबला. नत्थुजी गेला त्या दिवसापासून मी कुठल्याही व्हॉल्व्हच्या चाकाला हात लावलेला नाही. तो प्रेसच्या पेटीत उतरून रुई तुडवत होता, चाकावर मी होतो, आणि दट्ट्या वर गेला. त्या सकाळी मी चाक पूर्ण बंद केलं होतं की अर्धा आटा राहिला होता, हे मला आठवत नाही. रोज आठवून पाहतो. इन्स्पेक्टरनं व्हॉल्व्ह उघडून पाहिला, तो चांगला निघाला, म्हणजे चुकला तो माझा हात. मी ते मान्य केलं आणि नोकरी सोडून इकडे आलो. पण आठवत नाही ते नाहीच.

इंदू बरी आहे. तिचा तुला नमस्कार.

तुझा,
शेषराव


अकोला,
२६ नोव्हेंबर १९६४

शेषराव,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. हंगाम जोरात आहे, दोन पाळ्या चालतात.

दट्ट्या मिळाला. तयार गाठ पेटीतून बाहेर ढकलायला जो लहान दट्ट्या असतो तो, दोन नंबरच्या प्रेसचा. नळकांडं सरळ आहे. आतली, गळती अडवणारी चामड्याची वाटी मी नवी घातली आहे, चरबीत रात्रभर भिजवून. सोबत व्हॉल्व्ह ठेवला आहे. दोन्ही गोणपाटात बांधून बडनेऱ्याला रेल्वेनं पाठवलं आहे. पावती सोबत जोडली आहे. बसवताना प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांनी पाहून घे.

नत्थुजीबद्दल लिहिलंस. मी काय लिहू? तीन नंबरच्या पेटीत अजूनही कोणी एकटा उतरत नाही. जेवणाच्या सुट्टीत, एंजिन बंद असताना, पेटीतून रुई तुडवल्याचा आवाज येतो म्हणतात. मी नव्या पोरांना दटावतो. नागपूरला आपण दोघं एकाच गाडीनं दीक्षेला गेलो, भूतखेत मानायचं नाही असं ठरवून आलो. तेव्हा मी तो आवाज ऐकला असं लिहिणं बरोबर नाही.

वहिनींना नमस्कार.

देवमन


नांदगाव खंडेश्वर,
२० डिसेंबर १९६४

देवमन,

लेका, यंत्र झालं! आधी आपल्या दोघांच्या अकलेचा किस्सा ऐक. रुळाचे तुकडे समांतर ठेवले, एका टोकाला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला ओंडका अडायला जाड लोखंडी पाटी. ट्रॅक्टर सुरू केला. अर्धं नांदगाव जमलं होतं. मी चाक उघडलं, पाचर पुढं सरकली, ओंडका चरचरला आणि कलिंगडासारखा दोन झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग मी दुसरा ओंडका ठेवायला गेलो तर दट्ट्या पुढं गेलेला तो तिथंच! मागं यायला तयार नाही. प्रेसचा दट्ट्या उभा, आपल्या वजनानं खाली येतो. आडवा ठेवल्यावर त्याला मागं कोण आणणार? उभा जन्म प्रेसमध्ये काढलेल्या दोन शहाण्यांना हे सुचलं नाही, आणि रामराव लोहारानं ते बिडी ओढता ओढता सांगितलं. शेवटी साखळीला जात्याची तळी टांगली आणि साखळी कप्पीवरून दट्ट्याला जोडली. आता तेल सोडलं की ती तळी दट्ट्याला मागं ओढते. पंधरा दिवसांत अर्धी वखार फोडून काढली.

हो, व्हॉल्व्हवर तुझी सुतळी नव्हती. आपल्याकडे तपासलेल्या वस्तूला फिटर गेरूत बुडवलेली सुतळी बांधायचा, आणि सुतळी दिसली की पुन्हा उघडून पाहणं म्हणजे फिटरचा अपमान. बडनेऱ्याच्या हमालांनी ओढाताणीत तोडली असणार. म्हणून मीच गेरू कालवला आणि तुझ्या नावची सुतळी बांधली. देवमननं पाठवलेली वस्तू उघडून पाहायची, एवढा मी अजून बिघडलेलो नाही.

आता खरं ते सांगतो. मंगळवारी चहा प्यायला मी बाजूला बसलो होतो. चाक बंद होतं, एंजिन चालू होतं. बशी तोंडाला लावली आणि पाहतो तर दट्ट्या पुढं येत होता. गोगलगायीच्या चालीनं, पण येत होता. तळी वर चढत होती. चाकापाशी कोणी नव्हतं. मी धावत जाऊन चाक आवळलं, ते आधीच आवळलेलं होतं. शुक्रवारी पुन्हा तसंच झालं. मजुरांनी पाहिलं आणि शनिवारी एकही कामावर आला नाही. "ह्या मशिनीच्या अंगात आलं," असं गावभर झालं आहे. वामनरावांच्या घरून नारळ-लिंबू पाठवलं होतं. इंदूनं ते तसंच परत पाठवलं. "आमी असलं करत नाही," म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला सांगू, थोडी भीतीही वाटली.

देवमन, तू दोन नंबरचा दट्ट्या लिहिलं आहेस. खरं सांग, तो तीन नंबरचा तर नाही? नत्थुजीच्या पेटीचा?

शेषराव


अकोला,
२९ डिसेंबर १९६४

शेषराव,

यंत्र बंद ठेव. एंजिन चालू असताना कोणालाही जवळ जाऊ देऊ नकोस. वामनराव काही म्हणोत.

दट्ट्या दोन नंबरचाच आहे, माझी शपथ. नत्थुजीचा त्याच्याशी संबंध नाही.

रविवारी तीन तारखेला मी येतो. समोर बसून बोलू. तोवर हात लावू नकोस.

देवमन


नांदगाव खंडेश्वर,
१७ जानेवारी १९६५

देवमन,

तीन तारखेला मी बसथांब्यावर तीन गाड्या पाहिल्या. दहा तारखेला दोन. तू आला नाहीस, पत्रही नाही.

दोन आठवडे यंत्र बंद ठेवलं. मग वामनराव म्हणाले, "शेषराव, विटांच्या भट्टीले मी जबान देऊन बसलो. मशीन नाही तं पाचर घे अन् ठोक." ज्याच्या डोळ्यात कपची गेली त्याचा डोळा काढला, हे त्याच दिवशी कळलं होतं. पाचर मी कोणाच्या हातात देणार होतो? मजूर येत नव्हते. इंदू म्हणाली, "मी ओंडके लावतो, तुमी चाक धरा. माणूस पाहून राहिला तं मशीन काय करते?"

बुधवारी सकाळी दहाचा सुमार. चाक मी स्वतः बंद केलं, दोन्ही हातांनी आवळून धरलं, डोळे दट्ट्यावर. इंदू ओंडका पाटीला टेकवत होती. तेवढ्यात तिनं मान वळवून मागं पाहिलं, आणि मी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात दट्ट्या सरकला. ओंडका आणि पाटी यांच्यामध्ये तिचा डावा हात होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्हींची वरची पेरं गेली. मी एंजिन बंद केलं तेव्हा माझा एक हात चाकावरच होता आणि चाक बंद होतं.

नंतर तिला विचारलं, मागं काहून पाहिलं? म्हणाली, "कोनीतरी तुडवून राहिलं होतं." तिनं प्रेस कधी पाहिलेली नाही, देवमन. पेटीत रुई कशी तुडवतात हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

तापात ती एकच बोलत होती. नत्थुजीला नेलं त्या दिवशी त्याची बायको भागीरथाबाई कारखान्याच्या फाटकात उभी राहून मला म्हणाली होती, "तुह्या घरात पाळना हलनार नाही." इंदू तेव्हा माझ्या शेजारी होती. त्यानंतर आमची दोन मुलं जन्मली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. आम्ही शाप मानत नाही. चारचौघात तरी मानत नाही. परवा तापात ती म्हणत होती, "दोन लेकरं नेली, आता बोटं काहून नेता?"

काल मी सुतळी तोडली आणि व्हॉल्व्ह उघडला. आत ज्या जागेवर झडप बसून तेल अडवते त्या जागेवर खाच आहे, नखाला लागेल एवढी. चाक कितीही आवळलं तरी त्या खाचेतून तेल जाणारच. खाच जुनी आहे, आतून काळी पडली आहे. अंगावरचा गंज घासला तर खाली ३ चा आकडा ठोकलेला निघाला.

मी दट्ट्याबद्दल विचारलं आणि तू दट्ट्याबद्दलच उत्तर दिलंस. आता व्हॉल्व्हबद्दल विचारतो. इन्स्पेक्टरनं तपासला तो कोणता व्हॉल्व्ह होता?

शेषराव


अकोला,
२६ जानेवारी १९६५

शेषराव,

आज सुट्टी आहे. सकाळपासून हे चौथं पत्र. तीन फाडली.

इन्स्पेक्टरनं पाहिला तो नवा व्हॉल्व्ह होता. तुझ्याकडे आहे तो त्या दिवशीचा.

सगळं लिहितो. अपघाताच्या आदल्या दिवशी तीन नंबरचा व्हॉल्व्ह तपासायची पाळी माझी होती. हंगाम शिगेला, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, मिस्त्री डोक्यावर उभा. मी व्हॉल्व्ह उघडला नाही. नुसती सुतळी बांधली. तू सकाळी सुतळी पाहिलीस आणि निर्धास्त चाकावर उभा राहिलास. नत्थुजीला पेटीतून काढलं तेव्हा मी सगळ्यांच्या मागं होतो. सगळे त्याच्याबरोबर इस्पितळाकडे धावले आणि मी व्हॉल्व्ह सोडवून पाहिला. खाच दिसली. दहा मिनिटांत मी नवा बसवला आणि त्याला सुतळी बांधली. कोणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीलाही माहीत नव्हतं. मी भ्यालो होतो, दुसरं कारण नाही.

मला वाटलं, चौकशीत काही निघणार नाही, दैवाचा खेळ म्हणतील आणि मिटेल. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "साहेब, माहा हात चुकला असंल, मले याद नाही." मी तुझ्या शेजारच्या बाकावर होतो. तेव्हा उठायला हवं होतं. तुझा हात चुकला नव्हता, शेषराव. तू चाक पूर्ण बंद केलं होतंस.

जुना व्हॉल्व्ह मी टाकू शकलो नाही. विहिरीत टाकायला दोनदा नेला आणि दोनदा परत आणला. आठ वर्षं तो घरात कपड्यांच्या पेटीच्या तळाशी होता. बायकोला वाटे माझी काही अवजारं आहेत. मी त्या पेटीशेजारी झोपतो. जो आवाज नव्या पोरांना ऐकू येतो तो मला कारखान्यात कधीच आला नाही, घरी येतो.

तुझं पत्र आलं. तू व्हॉल्व्हच मागितलास. पंधरा दिवस विचार केला आणि तोच पाठवला. सुतळी बांधली नाही. वाटलं, सुतळी नाही म्हटल्यावर शेषराव उघडून पाहील, खाच पाहील, आकडा पाहील, आणि मला तोंडानं सांगावं लागणार नाही. तू हमालांना दोष देशील आणि माझ्या नावची सुतळी स्वतः बांधशील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुझं ते पत्र वाचलं. तेव्हाच तार करायला हवी होती. मी 'रविवारी येतो' एवढंच लिहिलं. तीन तारखेला बडनेऱ्यापर्यंत आलोही होतो. फलाटावर दोन तास बसलो आणि उलट्या गाडीनं परत गेलो.

वहिनींची बोटं माझ्यामुळे गेली. नत्थुजीचा जीव माझ्यामुळे गेला. हे पत्र तू कोणालाही दाखव. पोलिसात दे, कारखान्यात दे, मी नाकारणार नाही. माफी मागायला तोंड नाही म्हणून मागत नाही.

देवमन


नांदगाव खंडेश्वर,
१४ फेब्रुवारी १९६५

देवमन,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वखारीच्या मागं जाऊन लहान पोरासारखा रडलो. आठ वर्षं मी माझ्या या उजव्या हाताला दोष देत होतो. जेवताना त्याच्याकडे पाहत होतो. हात निर्दोष सुटला, तर आनंद व्हायला हवा होता. राग मात्र आला, इतका की तू समोर असतास तर घण उचलला असता. मग इंदू आली, पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "त्यानं सुतळी बांधली नव्हती. बांधली कोनं?" तिच्या बोटांचा वाटेकरी मीही आहे, आणि हे तुला कळावं म्हणून लिहितो, दिलासा म्हणून नाही.

पत्र पोलिसात दिलं नाही. ज्या माणसाचं ते होतं त्याला दिलं. भागीरथाबाई बडनेऱ्याला भावाकडे राहते हे मला माहीत होतं. इतकी वर्षं त्या गल्लीजवळ आलो की मी रस्ता बदलत होतो. गेल्या रविवारी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती ज्वारी निवडत होती. मला ओळखलं, पण हाकललं नाही. केस पांढरे झाले आहेत. मी म्हणालो, देवमनचं पत्र आहे, तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. "वाच," म्हणाली.

वाचलं. ती सूप तसंच मांडीवर घेऊन बसली होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा वाच." तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा 'कोणी सांगितलं नव्हतं' या ओळीवर तिनं हात वर केला आणि मी थांबलो. सुपातले दोन खडे वेचून तिनं बाजूला टाकले. मग विचारलं, "तुले लेकरं किती?" मी सांगितलं, दोन झाली, दोन्ही गेली. तिनं सूप खाली ठेवलं. ज्वारी सगळी सांडली. "चाल," म्हणाली, आणि पायात वहाणा न घालता माझ्याबरोबर बसमध्ये बसली.

इंदू अंगणात होती. भागीरथाबाईनं तिचा बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "बाई, आठ वर्सं रोज सकाळी मी तुह्या घराले बोललो. चूल पेटवायच्या आधी बोललो. एका दिवसाचा नागा पडू देला नाही. आता मी ते वापस कसं घेऊ? कोनापाशी जाऊ?" इंदू म्हणाली, "आक्का, आपल्यात शाप नसतो." आणि हे म्हणता म्हणता तिचा बांध फुटला. दोघी अंधार पडेपर्यंत तिथंच बसल्या होत्या. मी चुलीवर भात टाकला, तो करपला, तरी तिघांनी तोच खाल्ला.

यंत्र मी मोडलं नाही. नवा व्हॉल्व्ह अमरावतीहून आणला, स्वतः चार वेळा उघडून पाहिला, आणि मजूर परत आले आहेत. कोणाचा डोळा जाणार नाही. एंजिन बंद केल्यावर वखारीत तुडवल्याचा आवाज अजून येतो. मी आता त्याला घाबरत नाही. थोडा वेळ उभा राहून ऐकतो आणि घरी जातो.

तुझा व्हॉल्व्ह भागीरथाबाई घेऊन गेली. तिनं तो पदरात बांधून घेतला. जाताना तिनं तुझ्या घराचा पत्ता विचारला आणि मी सांगितला. तिला म्हणालो, त्याला शिव्या द्यायच्या असतील तर तो ऐकून घेईल. ती म्हणाली, "शिव्या सरल्या माह्या. सगळ्या चुकीच्या घरी देल्या. मले फक्त त्याच्यासमोर बसायचं हाय. नत्थुजी घरून निघाला तवापासून पेटीत उतरला तोवर काय काय बोलला, कोनासंग हासला, ते त्यानं मले सांगावं. त्यानं त्याले पाह्यलं होतं, मी नोयतं पाह्यलं."

तेवढं आठवून ठेव. एकही गोष्ट गाळू नकोस, लहान वाटली तरी.

ती येत्या रविवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या गाडीनं येते आहे. साडेनऊपर्यंत तुझ्या दारात असेल. घरी राहा.

शेषराव